मदत हवी आहे: रिनोव्हेशननंतर वाढीव बिल, जीएसटी लावलाय पण पक्कं बिल नाही, आणि सासऱ्यांचा सही केलेला चेक कॉन्ट्रॅक्टरकडे

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सविस्तर.

कोथरूडला सासऱ्यांच्या नावावर जुना टू बीएचके आहे, सोसायटी तीसेक वर्षांची. किचन, दोन्ही बाथरूम, सगळ्या घराचं फ्लोअरिंग आणि थोडं फर्निचर असं काम एका कॉन्ट्रॅक्टरला मटेरियलसकट दिलं होतं. कोटेशन लेखी आहे, त्यावर त्याची सही आहे, प्रत्येक आयटमचा रेट आहे आणि खाली "बिल प्रत्यक्ष मापावर" असं लिहिलंय. टोटल ७,४०,०००. त्यातले ६,२०,००० आम्ही टप्प्याटप्प्याने बँकेतून दिलेत, सगळ्या एन्ट्रीज पासबुकात आहेत. म्हणजे आमच्या हिशोबाने १,२०,००० बाकी, शिवाय मधे किचनमधला लोफ्ट आणि दोन इलेक्ट्रिक पॉइंट वाढवले त्याचे २८,००० व्हॉट्सअ‍ॅपवर ठरले होते, ते द्यायचेच आहेत, त्याबद्दल काही वाद नाही.

आता त्याने फायनल बिल पाठवलंय त्यात एक्स्ट्रा काम १,१२,००० आणि वर सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १०,०५,३६० आणि आमच्याकडून बाकी ३,८५,३६०. हे बिलसुद्धा कसलं, लेटरहेडवर टाइप केलेला कागद, ना बिल नंबर ना जीएसटी नंबर.

एक्स्ट्रामध्ये सगळ्यात मोठी रक्कम टाइल लावायच्या मजुरीची आहे. त्याने लावलेला एरिया आणि आम्ही टेपने मोजलेला एरिया यात शंभर स्क्वेअर फुटांच्या वर फरक येतोय. नवऱ्याने आणि मी प्रत्येक भिंत वेगळी मोजली तेव्हा कळलं की बाथरूमच्या डॅडोमधून (भिंतीवर लावलेल्या टाइल्समधून) दार-खिडकी वजाच केलेली नाही, स्कर्टिंगला (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) कोटेशनमध्ये रनिंग फुटाचा रेट आहे तरी ते स्क्वेअर फुटात धरलंय आणि कटिंगमधलं वेस्टेजही मजुरीत घातलंय. टाइल विकत आणताना आठ-दहा टक्के जास्त आणाव्या लागतात हे मान्य, पण मजुरी जेवढी टाइल भिंतीला लागली तेवढ्याचीच ना? आणि राडारोडा उचलायचे वेगळे पैसे लावलेत जे कोटेशनमध्ये स्पष्ट "समाविष्ट" लिहिलेले आहेत.

जीएसटीचं असं की कोटेशनवर "टॅक्स एक्स्ट्रा" आहे त्यामुळे टॅक्स द्यायला आमची ना नव्हती. पण नंबर मागितला तर आधी टाळाटाळ, मग एकदाचा दिला, २७ ने सुरू होणारा, तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला तर टॅक्सपेअर टाइपसमोर कॉम्पोझिशन (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) दिसतंय. माझ्या माहितीप्रमाणे कॉम्पोझिशनवाल्याला ग्राहकाकडून टॅक्स वेगळा घेताच येत नाही, त्याने टॅक्स इनव्हॉइस नाही तर बिल ऑफ सप्लाय द्यायचं असतं आणि त्यावर आपण कॉम्पोझिशनमध्ये आहोत, टॅक्स घेऊ शकत नाही असं छापायचं असतं. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "ताई, तुम्ही टॅक्सचं माझ्या सीएशी बोला", आणि सीएचा नंबर काही देत नाही.

पैशापेक्षा जास्त काळजी मला कॉमन बाथरूमची आहे. खालच्या काकूंच्या छताला ओल आलीये. नहाणी ट्रॅप बंद करून २४ तास पाणी भरून ठेवलं तर खाली ओल वाढली, त्याचे फोटो तारखेसकट आहेत. त्याने वॉटरप्रूफिंगची पाच वर्षांची गॅरंटी तोंडी नाही, कोटेशनमध्ये लिहून दिलीये, आता म्हणतो आधी पूर्ण पेमेंट मग गॅरंटीचा कागद आणि मग माणूस पाठवतो. घरातल्या बाथरूममधून होणारं लीकेज सभासदानेच दुरुस्त करायचं असतं, त्यामुळे सोसायटी आमच्याकडेच बघणार, आणि काकूंना किती दिवस थांबा म्हणायचं? बाई एकट्या राहतात, कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत, त्यांच्या घरात पाणी गळतंय हे मला सहन होत नाहीये.

आता चेक. काम सुरू करतानाच त्याने सिक्युरिटी म्हणून बाबांचा सही केलेला, रक्कम आणि तारीख न टाकलेला एक चेक घेऊन ठेवलाय आणि आता बाबांना रोज फोन, "काका, शुक्रवारी टाकतो बँकेत". बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांची झोप उडालीये. मी वाचलं त्यावरून स्टॉप पेमेंट केलं तरी कलम १३८ ची (चेक न वटल्याची) केस होऊ शकते, चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत तो नोटीस देऊ शकतो आणि नोटीस मिळाल्यापासून आपल्याला १५ दिवस असतात. मात्र तेवढी रक्कम कायद्याने देणंच लागत नव्हती हे आपण दाखवू शकलो तर बचाव आहे. म्हणूनच त्याने चेक टाकायच्या आधीच आपलं म्हणणं लेखी जावं असं मला वाटतंय.

घरात प्रत्येकाचं वेगळं. दीर म्हणतात महारेरात जा, पण ते नव्या प्रोजेक्टच्या विक्रीचं, आपल्या घरातल्या दुरुस्तीला ते लागू नाही. मला ग्राहक आयोगाचा रस्ता बरा वाटतोय. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जातात, दिलेली रक्कम ५ ते १० लाखांत असेल तर फी २०० रुपये आहे, दोन वर्षांची मुदत आहे आणि वकील असलाच पाहिजे असं नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आहे. किंवा मग शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्याआधी तडजोडीसाठी अर्ज.

आणि एक, त्याचा सुतार परवा घरी आला होता, शेठने त्याचेही पैसे अडकवलेत म्हणाला. त्या माणसाने काम अगदी मन लावून केलंय, एक ड्रॉवर अडकत नाही. आम्ही पैसे बुडवणारे नाही, त्याच्यासारख्यांचे तर नाहीच, पण थेट त्याला दिले तर कॉन्ट्रॅक्टर ते आमच्या हिशोबात धरणार नाही, म्हणून हात बांधलेत.

तर विचारायचं ते हे. वाद नसलेली रक्कम, म्हणजे १,४८,०००, त्यातून बाथरूमच्या दुरुस्तीचा अंदाजे खर्च मागे ठेवून उरलेली बँकेतून आत्ताच देऊन टाकावी आणि सोबत स्पीड पोस्टाने हिशोबाचं पत्र पाठवावं, की सगळंच थांबवावं? दिली तर उरलेलं बिलही आम्ही मान्य केलं असा अर्थ तो काढू शकेल का? पत्रात चेक परत मागायची आणि तो फक्त सिक्युरिटीसाठी होता हे लिहायची भाषा कशी असावी, कुणी असं पत्र लिहिलं असेल तर मजकूर सांगाल का? व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं म्हणतात, ते आपलं आपण द्यायचं की अजून कुणाची सही लागते? चॅट बाबांच्या फोनवर आहेत, तो फोन बदलायचा होता तो तूर्त तसाच ठेवलाय.

आणि कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात घरी येऊन माप घेऊन सही-शिक्क्याचा रिपोर्ट देणारा सिव्हिल इंजिनिअर कुणाच्या ओळखीत असेल तर प्लीज मेसेज करा, लीकेजचं कारणही त्याने त्याच रिपोर्टमध्ये लिहून दिलं तर फार बरं होईल. शुक्रवारच्या आत पत्र पाठवायचंय, त्यामुळे चेकबद्दल माहिती असेल त्यांनी आधी लिहा.