घरामागचं रान साफ करायला आता पर्यावरणाची तपासणी नको ना?

नमस्कार मंडळी,
पाडव्याच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, वणव्यासाठीच्या साफसफाईला 'सीक्वा'तून, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण तपासणीच्या कायद्यातून, सूट मिळाली. आमच्या मागे शहराचा उतार आहे, कमरेएवढं वाळलेलं गवत. शनिवारी माणूस लावून सपाट करू का? शेजारच्या आजी १९९१ ची आग अजून सांगतात.
– ओकलंड टेकडीवरून

ताई, थांबा!
उतार शहराचा आहे ना? मग सूट असो-नसो, तिथे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि आपल्या अंगणातलं गवत कापायला सीक्वा मुळात आडवा येतच नव्हता. १९७० चा हा कायदा सरकारी खात्यांसाठी आहे: त्यांनी काम काढलं, पैसे दिले किंवा मंजुरी दिली तर.

सूटही अगदी नवी नाही. इमारतीपासून ३० फुटांतली झाडोरा-सफाई सीक्वाच्या नियमावलीत आधीच मोकळी होती. अग्निशमनवाल्यांनी धोका जास्त ठरवला तर १०० फूट. अट एवढीच, की दुर्मीळ जीवांना धक्का नको आणि माती वाहून जायला नको. ३० जून २०२५ ला गव्हर्नर न्यूसम यांनी सही केलेल्या एसबी १३१ या कायद्याने वणव्याचा धोका कमी करणाऱ्या कामांची सूट वाढवली. म्हणजे उतार साफ न करण्याची शहराची एक सबब कमी झाली. पत्र त्यांना लिहा, मी सही करतो.

मला ही सूट पटते. पण मातीचं विसरू नका. डोंगर उघडा पडला की पावसात काय होतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गवत उपटू नका, चार इंच ठेवून कापा. तेही सकाळी दहाच्या आत. पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. आणि घरट्यात पिल्लं असतील तर थांबा, पक्ष्यांचा १९१८ चा कायदा वेगळा, त्याला ही सूट लागू नाही.
– सॅन होजे

काका, म्हणजे आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं तसंच की!
– फ्रीमाँट

तसंच, पण अर्धंच. जाळरेषा जमिनीवरून सरकणारी आग अडवते. इथे निखारे वाऱ्यावर उडत येतात आणि पन्हळीतल्या पाल्यात पडतात. म्हणून भिंतीलगतचे पाच फूट आधी: पाला, लाकडं, काथ्याचं पायपुसणंसुद्धा.
– सॅन होजे

आणि दाराशी तुळस आहे, तिचं काय?
– ओकलंड टेकडीवरून

आमची पाच फुटांपलीकडे गेली. घरात अजून बोलणी खातोय.
– सॅन होजे