छाटलेल्या फांद्या, मोडकी पॅलेटं आणि परदेशी तेल: लाकडापासून इथेनॉल ठाण्यात जमेल का?

येऊरपायथा (धागाकर्ता)

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीत कुणी नुसतं खाकरलं तरी इथे पंपावर रांगा लागायची भीती. त्यावर उतारा म्हणून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. पण ते येतं कशातून? ऊस, मका, तांदूळ. म्हणजे तेल वाचवायला पाणी आणि धान्य खर्ची घालायचं. हे काही मला पटत नाही.

माझं म्हणणं असं की इथेनॉल लाकडातून काढावं. लगेच कुऱ्हाड घेऊन जंगलात चला असं मी म्हणत नाहीये. ठाणे आणि नवी मुंबईत लाकूड अक्षरशः फेकलं जातं. पावसाळ्याआधी दोन्ही महापालिका रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांच्या, गुलमोहरांच्या फांद्या छाटतात. भिवंडीच्या गोदामांमागे मोडक्या पॅलेटांचे ढीग असतात. न्हावाशेव्याला यंत्रांबरोबर पाइनची दणकट खोकी येतात. आंब्याचा हंगाम सरला की तुर्भ्याच्या बाजारात फुटक्या पेट्या उरतात. आणि जुन्या इमारती पाडताना निघणाऱ्या दारं-खिडक्यांचं तर बोलूच नका, नौपाड्यात सध्या गल्लोगल्ली तेच चाललंय.

तंत्र अजिबात नवीन नाही. लाकडात साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज असतं आणि सेल्युलोज म्हणजे साखरेचीच लांबलचक साखळी. ती तोडली की साखर, साखर आंबवली की इथेनॉल. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, त्याचं तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. आसामात नुमालीगडला बांबूवर चालणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) या विषयावर कित्येक वर्षं काम चालू आहे. नॉर्वेत सार्प्सबोर्गला स्प्रूसच्या लाकडापासून १९३८ पासून इथेनॉल निघतंय.

मग घोडं पेंड खातंय कुठे? मतं मांडा. पक्षीय राजकारण नको.

ई२०ग्रस्त

आधी इथेनॉल लाकडाचं की उसाचं हा प्रश्न बाजूला ठेवा. माझी गाडी जुनी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की अशा चारचाकीचं मायलेज ई२० वर (म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) ६ ते ७ टक्के कमी होऊ शकतं. पंपावर दर तोच. परदेशी अवलंबित्व कमी होतंय ते माझ्या खिशातून.

कोपरीचा बंड्या

लाकडाचा अल्कोहोल म्हणजे २०१५ ला मालवणीत शंभरावर माणसं गेली तोच ना? तो गाडीत घालायचा?

येऊरपायथा

नाही हो बंड्याशेठ. तो मिथेनॉल. पूर्वी लाकूड बंद भट्टीत तापवून काढायचे. इथे साखर करून आंबवायची आहे. निघतं ते इथेनॉलच.

रबाळे_निवृत्त

ठाणे-बेलापूर पट्ट्यात उभी नोकरी बॉयलर आणि स्टीमलाइनच्या मागे गेली, म्हणून लिहितो.

साखळी तोडायची एवढं सोपं ते नाही. लाकडात सेल्युलोजच्या धाग्यांभोवती लिग्निन असतं, पाव भाग तरी. इमारतीत सळया आणि सिमेंट असतं तसा हा प्रकार आहे. वादळात उभं राहायला आणि किडीबुरशीला दाद न द्यायला झाडाने ही तटबंदी केलेली असते. ती फोडायला आम्ल, दाब, वाफ, मग साखळी तोडणारी महागडी एन्झाइम्स. शिवाय हेमिसेल्युलोज या लाकडातल्या आणखी एका घटकातून झायलोज नावाची साखर निघते, ती नेहमीच्या यीस्टला आंबवताच येत नाही. त्यासाठी वेगळे जीवाणू किंवा जनुकं बदललेलं यीस्ट लागतं. पेंढा त्यामानाने मऊ. लाकूड त्याहून चिवट, त्यातही पाइनसारखी सूचिपर्णी झाडं जास्तच. तुमची न्हावाशेव्याची खोकी नेमकी त्यातलीच.

आता मुद्द्याचं. पानिपत प्रकल्पाचा जाहीर आकडा: वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल. म्हणजे टनाला १५० लिटर. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता असते, म्हणजे ते झालं १०० लिटर पेट्रोलच्या बरोबरीचं. वजनात साधारण ७५ किलो तेल.

तोच एक टन वाळलेलं लाकूड तुकडे करून बॉयलरमध्ये घातलं, तर बॉयलरची कमी-जास्त कार्यक्षमता धरूनही ३५० किलोच्या आसपास फर्नेस ऑइल वाचतं. तेलच वाचवायचं ना? मग ७५ किलो वाचवायचं की ३५०?

साखरसम्राटांचा जावई

धाग्यात ऊस आरोपीच्या पिंजऱ्यात दिसला म्हणून आलो.

मुंबईकरांना ऊस म्हटलं की फक्त पाणी दिसतं. कारखान्याला इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर मिळतात, साखर गोदामात पडून राहते. शेतकऱ्याची एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) त्यातून सुटते. आणि धोरणाचा भरवसा म्हणाल तर ७ डिसेंबर २०२३ चा आदेश आठवा. गळीत हंगाम ऐन भरात आणि दिल्लीहून फतवा: उसाच्या रसाचं इथेनॉल बंद. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारल्या त्यांनी काय करायचं? उद्या लाकडाच्या कारखान्याचंही असंच झालं तर?

सेल्युलोजच हवं असेल तर उसाचा चोथा आहे की. कारखान्याच्या दारात आयता येऊन पडतो, गोळा करायचा खर्च शून्य.

रबाळे_निवृत्त

जावईबापू, चोथा मोकळा कुठाय? तो तुम्ही जाळून वाफ आणि वीज करता, उरलेली वीज विकता. तो काढून घेतला तर कारखाना कशावर चालवणार? दगडी कोळशावर?

मुरबाडचा

काकांचं गणित बरोबर असेल, पण माझी भीती वेगळी आहे.

पानिपतएवढा कारखाना म्हणजे २ लाख टन. रोजचे साडेपाचशे टन झाले. तेही वाळलेलं. ओल्या फांदीत जवळपास निम्मं पाणी असतं, म्हणजे रोज हजारेक टन ओला माल. फांद्या छाटतात एप्रिल-मे मध्ये. बाकीचे दहा महिने काय पर्जन्यवृक्षांना विनवण्या करणार?

कारखाना एकदा उभा राहिला की त्याला पोट असतं. शहरातलं लाकूड पुरलं नाही की टेंपो मुरबाड-शहापूरला वळणार. आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. मालकीच्या जागेतली चार झाडं तोडायची परवानगी निघते आणि डोंगराची अख्खी उतरण मोकळी होते. ऐन, किंजळ, काही बघत नाहीत. रात्री गाडी भरते, वर पेंढ्याचे भारे लावतात. वीटभट्ट्यांना गेलं, कोळशाच्या भट्ट्यांना गेलं. त्या भट्ट्यांवर राबतात आमच्याच कातकरी वाड्यांतली माणसं, आगाऊ उचल घेऊन अडकलेली. कायदा १९६४ पासून आहे. झाडं तोडायच्या नियमनाचाच कायदा. त्याने काय थांबलं?

आज जळाऊ लाकडाला फार भाव नाही म्हणून थोडंफार उभं आहे. उद्या सरकारी हमीभावाचं गिऱ्हाईक आलं की आमच्या भागात सावलीला झाड शोधावं लागेल.

येऊरपायथा

मुरबाडकर, भीती मान्य, निष्कर्ष मान्य नाही. चोरटी तोड आजही इथेनॉलशिवाय चालूच आहे. उलट बांबू लावला तर? २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, तोडायला पूर्वीसारखी कटकट नाही. नुमालीगडला वर्षाला ५ लाख टन हिरवा बांबू लागणार आहे, तो शेतकऱ्यांकडूनच यायचाय. कोकणात बांबू नवा आहे का?

काका, तुमच्या हिशेबाला माझे तीन आक्षेप. पहिला, पानिपत ही सुरुवात आहे. लाकडातून टनाला २५० लिटरपर्यंत जाता येतं असं तंत्रवाले म्हणतात. दुसरा, लिग्निन वाया जात नाही, ते जाळून कारखान्याचीच वाफ निघते, तुम्ही ती धरली नाहीत. तिसरा आणि सगळ्यात मोठा: फर्नेस ऑइल हा रिफायनरीचा तळाचा गाळ. माहुलच्या रिफायनरीत कच्चं तेल आलं की तो निघणारच. गाळ वाचवून स्कूटर चालत नाही. गाडीला द्रवच लागतो.

उरण फाटा

गाडीला द्रव लागतो हे खरं, पण कुठला? देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं. न्हावाशेव्याचे कंटेनर, एसटी, ट्रॅक्टर, सगळं डिझेलवर. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही. तुम्ही स्कूटरवाल्यांचं तेल वाचवताय आणि माझ्या खिडकीखालचे ट्रेलर तसेच धूर ओकतायत.

रबाळे_निवृत्त

येऊरपायथा, आक्षेप चांगले आहेत. एकेक घेतो.

टनाला २५० धरा. तरी ते १६५ लिटर पेट्रोल, म्हणजे १२० किलोच्या आसपास. ३५० च्या एक तृतीयांश. लिग्निनची वाफ मी धरली नाही, कारण ती कारखान्याच्याच डिस्टिलेशनमध्ये संपते. आंबलेल्या पाण्यात अल्कोहोल मोजून चार-पाच टक्के. एवढं सगळं पाणी तापवून त्यातून अल्कोहोल वेगळं काढायचं, त्यालाच इंधन लागतं.

गाळाचं म्हणाल तर आधुनिक रिफायनरी गाळ फोडून त्याचं डिझेल करते. आणि आता एमआयडीसीत फर्नेस ऑइलवाले कमीच उरलेत, बरेच जण गॅसवर गेले. देशातला गॅसही निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो, जहाजातून, डॉलर मोजून. लाकडाने तो वाचवला तरी परदेशी इंधनच वाचलं.

नॉर्वेचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण अर्धं. तिथे बोरगार्ड कंपनी लाकडातून आधी सेल्युलोज विकते, लिग्निनची रसायनं विकते, अगदी आइस्क्रीममधला व्हॅनिलिनही लाकडातून काढते. इथेनॉल हा जोडधंदा. म्हणून गाडा चालतो. फक्त इंधनासाठी लाकूड घेऊन बसलेल्यांचं काय झालं ते अमेरिकेत बघा. जॉर्जियात सोपर्टनला रेंज फ्युएल्स नावाच्या कंपनीने २००७ मध्ये पाइनपासून इथेनॉलचा कारखाना बांधायला घेतला. सरकारी अनुदान, सरकारी कर्जहमी, सगळं मिळालं. २०११ ला टाळं. पुढच्या वर्षी तो ५१ लाख डॉलरला विकला गेला, सरकारची नुसती कर्जहमीच ८ कोटी डॉलरची होती. त्याच देशात पहिल्या महायुद्धाच्या काळात साउथ कॅरोलिनातल्या जॉर्जटाउनला करवतीच्या भुशापासून इथेनॉल काढत होते. युद्धानंतर लाकूडकाम घटलं, भुसा मिळेना, म्हणून ते थांबलं.

ऐरोलीकरीण

बॉयलरच्या बाजूने बोलणाऱ्या काकांना एक विचारायचंय. हे लाकूड जाळणार कुठे? रबाळ्यात. आणि धूर येणार कुठे? आमच्या बाल्कनीत. आत्ताच रात्री अकरानंतर खिडकी उघडायची सोय नाही. कपडे वाळत घातले तर सकाळी काळे कण. पाडलेल्या इमारतींची दारं म्हणजे ऑइलपेंट, पॉलिश, प्लायवूडचा डिंक. ते बॉयलरमध्ये घातल्यावर काय निघतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. इथेनॉलचा कारखाना परवडला, निदान आंबवतील तरी.

कोपरीचा बंड्या

ताई, आंबवण्याचा वास तुम्ही कधी घेतलेला दिसत नाही. कुठल्याही डिस्टिलरीशेजारच्या गावाला विचारा.

रबाळे_निवृत्त

ऐरोलीताई, रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड बॉयलरला नकोच, तिथे मी तुमच्याच बाजूचा. ते आंबवायलाही चालत नाही, डिंक आणि रंग एन्झाइमला मारक. पॅलेटवर शिक्का बघायचा असतो. एचटी म्हणजे नुसतं तापवून कीड मारलेली, ती चालते. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती बाजूला. शिवाय प्रत्येक फळीला खिळे. चुंबक लावल्याशिवाय तुकडे करायच्या यंत्रात घातली तर पातं गेलंच म्हणून समजा. धुरासाठी बॅगफिल्टर (धुरातली राख अडवणारी कापडी गाळणी) हवा, आणि तो रात्रीही चालू हवा. तो रात्री का बंद असतो हे मात्र मला विचारू नका, मी निवृत्त आहे.

येऊरपायथा

बरं. मोठा कारखाना ठाण्याच्या जिवावर चालणार नाही हे मुरबाडकरांच्या हिशेबावरून दिसतंय. पण म्हणून सगळं लाकूड जाळून टाका हेही मला मान्य नाही. गॅसवरचा बॉयलर उद्या विजेवर जाईल, दुचाक्या जातील, विमानं जाणार नाहीत. त्यांच्यासाठी इथेनॉलपासून इंधन बनवता येतं. आज तंत्र हातात घेतलं नाही तर तेही बाहेरूनच विकत आणावं लागेल. माटुंग्याच्या लोकांनी काशीपूरला रोज १० टन बायोमास पचवणारा नमुना प्रकल्प उभारला होता, २०१६ मध्ये. तेवढा इथे का नको? दहा टनाला तर आपल्या फांद्या पुरतील?

मुरबाडचा

दहा टनाला हरकत नाही. पण घाटाच्या बाजूने येणारी एकही गाडी आत घ्यायची नाही, हे आधी कागदावर आणा.

रबाळे_निवृत्त

दहा टन पुरतील की नाही ते कुणी सांगायचं? डंपरभर फांद्या म्हणजे निम्मी हवा, त्यातून अंदाज बांधता येत नाही. वजनकाट्यावर छाटणीचा माल वेगळा नोंदवायचा, महिन्यावार. सोबत ओलावा मोजायचा. किमान एक वर्षाचे असे आकडे हातात घ्या, मग कारखाना की बॉयलर ते भांडू.

येऊरपायथा

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो. छाटलेल्या फांद्यांचं वजन वेगळं नोंदवतात का आणि माल शेवटी जातो कुठे, हे दोनच प्रश्न.

ऐरोलीकरीण

तिसरा घाला. छाटणीच्या कंत्राटदाराला पैसे झाडामागे मिळतात की टनामागे? टनामागे असतील तर आमच्या सेक्टरमधली झाडं दरवर्षी बोडकी का होतात ते कळेल.