सुट्टीआधी केसवाटप बघा

अत्याचार झालेल्या मुलांच्या केसेस हाताळून थकलेल्या समाजसेविका ताईंना सहसा सुट्टी आणि प्राणायाम सुचवला जातो. त्याचा उपयोग होतो, पण सोमवारी टेबलावर पुन्हा पॉक्सोच्याच, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, फायली असतील तर तो आराम टिकत नाही. लैंगिक अत्याचाराच्या केसेस एकाच अनुभवी ताईंकडे साचतात, कारण त्यांना जमतं. आणि आधी त्याच कोलमडतात. अशा दोन केसेसच्या मध्ये शाळाप्रवेशाची किंवा पुनर्वसनाची एखादी केस द्यायलाच हवी. हे सुपरवायझरचं काम आहे, ताईंनी मागायची गोष्ट नव्हे.

पुराव्यातला व्हिडिओ बघावाच लागला तर आवाज बंद, खिडकी लहान, चित्र कृष्णधवल. मुलाचा जबाब घेतल्यावर डोंगरी-मानखुर्दच्या बालगृहातून निघून लगेच लोकल पकडू नका, दहा मिनिटं सहकाऱ्याशी बोला. आधी ‘आत्ता ऐकशील का?’ विचारा आणि घटनेचा तपशील गाळा, नाहीतर तोच भार त्याच्या डोक्यात जातो.

दचकणं, ऐकलेले प्रसंग डोळ्यांसमोर येणं, स्वतःच्या लेकराला खाली खेळायला सोडायची भीती, ही दुय्यम आघाताची, म्हणजे दुसऱ्याचा आघात ऐकून-बघून स्वतःवर होणाऱ्या परिणामाची, लक्षणं. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास, कशात गोडी नाही, भूक-झोप बिघडलेली, तर नैराश्य असू शकतं. पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा, 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, चोवीस तास.