परीक्षक बदलला की विद्यार्थ्याची कामगिरीही बदलते का?

प्रश्न (सदस्य: प्रयोगवही)

सर्वांना नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून इतर महाविद्यालयांतही जाते. लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० अशी गुणांची विभागणी असल्यामुळे या तीस गुणांचे वजन कमी नाही. वर्षभर प्रयोग स्वतःच्या हाताने करणारी, जर्नल मनापासून लिहिणारी मुले एका परीक्षकापुढे मीटर ब्रिजचा (तारेच्या साहाय्याने अज्ञात रोध मोजण्याच्या उपकरणाचा) नल पॉइंट, म्हणजे गॅल्व्हनोमीटर हा प्रवाहदर्शक शून्य दाखवतो तो बिंदू, तारेच्या मध्याजवळ का असावा हे नीट समजावून सांगतात आणि दुसऱ्या परीक्षकापुढे त्याच प्रश्नावर मान खाली घालून उभी राहतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

एकाच उत्तराला दोन परीक्षक वेगवेगळे गुण देतात, हे आपण सारेच जाणतो. मला गुण देण्याच्या आधी काय घडते ते विचारायचे आहे. परीक्षकाच्या ओळखीमुळे, बोलण्यामुळे किंवा नुसत्या चेहऱ्यामुळे विद्यार्थ्याचे उत्तरच बदलते, याचा काही अभ्यास झाला आहे का? आणि नियमांच्या चौकटीत राहून परीक्षकाने काय करावे?

उत्तर १ (सदस्य: निवृत्त नियामक)

ताई, मी अनेक वर्षे इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि पुढे नियामक (मॉडरेटर) म्हणून इतरांनी तपासलेल्या पुन्हा पाहिल्या. त्यामुळे गुणदानाबद्दल अनुभवाने सांगू शकतो. आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर या विषयातले जाणकार देतील.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टार्च आणि इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांकडे पाठवल्या. शंभरांपैकी गुण द्यायचे होते. १४२ शिक्षकांनी तपासणी केली, तेव्हा एका पत्रिकेला ६४ पासून ९८ पर्यंत आणि दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत गुण मिळाले. भाषा विषयात असे होणारच, असा आक्षेप आला म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची पत्रिका घेतली आणि तिथे तफावत आणखी वाढली, कारण पायऱ्यांना किती गुण द्यायचे आणि अव्यवस्थित आकृतीसाठी किती कापायचे, याविषयी प्रत्येकाची धारणा निराळी होती.

मला याहूनही अस्वस्थ करणारा अभ्यास फिलिप हार्टॉग आणि ऱ्होड्स यांचा वाटतो. (हे हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९२९ चा भारतीय शिक्षणावरील समितीचा अहवालही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.) १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या इंग्लंडमधील अभ्यासात मूळ परीक्षेत सारखेच, मध्यम गुण मिळालेल्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका निवडल्या होत्या. चौदा परीक्षकांनी त्या एकदा तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षानंतर पुन्हा तपासल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या खेपेस बदलले, म्हणजे नापासाचा पास झाला किंवा पासाचे विशेष श्रेणीत रूपांतर झाले, किंवा याच्या उलट घडले. दोन परीक्षकांचे मतभेद एक वेळ समजू शकतात, पण इथे परीक्षकाचे स्वतःशीच पटलेले नव्हते.

आपल्या मंडळात नमुना उत्तरे, नियामक आणि मुख्य नियामक ही साखळी याचसाठी आहे, आणि तिचा उपयोग होतो असे मी ठामपणे म्हणतो. तरीही पाच चांगल्या उत्तरपत्रिकांनंतर आलेली मध्यम पत्रिका निकृष्ट भासते, सुवाच्य अक्षराला नकळत झुकते माप मिळते आणि संध्याकाळी हात कधी सैल तर कधी घट्ट होतो. गठ्ठ्यातील सर्व पत्रिकांचा पहिला प्रश्न आधी तपासून मग दुसऱ्याकडे वळावे, असे मी सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे. त्यामुळे एका उत्तराची छाप त्याच विद्यार्थ्याच्या पुढच्या उत्तरावर पडत नाही.

उत्तर २ (सदस्य: बालमानस)

प्रयोगवही यांच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे, की होय, असे अभ्यास झालेले आहेत. मी मुलांच्या बौद्धिक आणि शैक्षणिक चाचण्या घेते, आणि आमच्या क्षेत्रात परीक्षकाच्या परिणामाचा विचार फार पूर्वीपासून होत आला आहे, कारण तिथे एक परीक्षक आणि एक मूल समोरासमोर बसतात.

१९८६ साली फुक्स आणि फुक्स यांनी परीक्षकाच्या ओळखीविषयीच्या २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. परिचित परीक्षकापुढे मुलांची कामगिरी सरासरीने सुमारे ०.२८ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, ते सांगणारे माप) चांगली होती, आणि गरीब घरांतील मुलांच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक होता. ज्या मुलाच्या घरी कोट घातलेली, छापील भाषा बोलणारी माणसे येत-जात असतात, त्याला अनोळखी परीक्षक तितका परका वाटत नाही. म्हणजे सर्वांना सारखाच अनोळखी परीक्षक दिला, तरी सर्वांना सारखी परिस्थिती मिळाली असे होत नाही.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांच्या कामगिरीत ठळक अंतर नव्हते. जात सर्वांसमोर उच्चारल्यावर कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. कोडी त्याच प्रकारची होती आणि मुले त्याच वयाची होती. आपल्याकडे परीक्षक तोंडी परीक्षेची सुरुवात कशी करतात ते आठवून पाहा. "संपूर्ण नाव सांग. आडनाव काय म्हणालास? गाव कोणते?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही, पण महाराष्ट्रात आडनाव आणि गाव यांतून जे कळते ते समोरच्या मुलालाही ठाऊक असते. बैठक क्रमांकाने काम भागत असताना हा प्रश्न विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुणदानाच्या बाजूनेही पुरावा आहे. रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतात परीक्षेची एक स्पर्धा घेतली आणि उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर वय, लिंग व जात यांची माहिती यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, लिहिली. कनिष्ठ जातीची नोंद असलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता आणि तो मुख्यतः स्वतः त्या जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला, म्हणून याला सरळ द्वेषाचे नाव देता येत नाही. माझ्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट अशी, की हा कल तपासणीच्या सुरुवातीच्या पत्रिकांत अधिक होता. मोजपट्टी मनात पक्की होण्यापूर्वी परीक्षक इतर खुणांचा आधार घेतो, असा अर्थ मी त्यातून काढते.

चाचणीच्या सूचना आम्ही शब्दशः पाळतो. डॉ. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतरित केलेली बिने-कामत चाचणी असो किंवा नागपुरात मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली चाचणी असो, प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारायचा आणि उत्तर बरोबर की चूक हे चेहऱ्यावर उमटू द्यायचे नाही. मात्र चाचणी सुरू होण्यापूर्वी मुलाशी गप्पा मारून त्याला स्थिरावू देणे हाही त्याच शिस्तीचा भाग आहे. अध्ययन अक्षमतेच्या (वाचन-लेखन-गणित शिकण्यातील विशिष्ट अडचणीच्या) प्रमाणपत्रासाठी तालुक्यातून पहाटे निघून जिल्हा रुग्णालयात पोहोचलेल्या मुलाला लगेच चाचणीला बसवले, तर आपण त्याचे वाचन मोजतो की त्याचा थकवा, हे सांगता येणार नाही.

उत्तर ३ (सदस्य: खडूफळा)

वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले, पण एक बाजू सुटली आहे. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षांत परीक्षकाच्या कठोरपणापेक्षा त्याच्या उदारपणाने अधिक नुकसान केले आहे, असे मला वाटते. यजमान महाविद्यालयाचा आग्रह असतो, अंतर्गत परीक्षक शेजारीच बसलेले असतात, आणि जवळजवळ सर्वांना तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस गुण देऊन बहिःस्थ परीक्षक परततात. ज्या मुलीने वर्षभर स्वतः मांडणी जुळवली आणि ज्या मुलाने दुसऱ्याची निरीक्षणे उतरवली, त्या दोघांना एकच गुण मिळतात. हाही परीक्षकाचाच प्रभाव आहे, आणि त्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही म्हणून तो दिसत नाही.

शिवाय ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारण्याची पद्धत प्रयोगशाळेत जशीच्या तशी आणण्याला माझा विरोध आहे. विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिल्यावर "मग तुझ्या जोडणीत गॅल्व्हनोमीटर दोन्हीकडे का हलतो?" असा पुढचा प्रश्न विचारणारा परीक्षकच त्याची खरी समज बाहेर काढतो. एकसारखेपणासाठी हा संवाद गमावणे मला मान्य नाही.

प्रतिसाद (सदस्य: प्रयोगवही)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. खडूफळा सरांचा आक्षेप मला पटतो आणि बालमानस ताईंचा आग्रहही सोडवत नाही. लेखी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन होते. तोंडी परीक्षेत मूल गप्प राहिले तर पुन्हा तपासण्यासाठी मागे काहीच उरत नाही. म्हणून जे करायचे ते त्या पाच मिनिटांतच करावे लागेल. पहिला प्रश्न सर्वांना सारखा आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या मांडणीवरचा ठेवावा, पुढचे प्रश्न मात्र उत्तरानुसार बदलावेत, असा माझा विचार आहे. याने तुलना बिघडेल का?

उत्तर ४ (सदस्य: बालमानस)

पुढचे प्रश्न बदलले तरी चालतील, पण गुण कशाला द्यायचे हे बदलू नये. मांडणीचे कारण सांगता येणे, निरीक्षणातील चूक ओळखता येणे आणि ती दुरुस्त करता येणे या तीन गोष्टींचे गुण परीक्षेपूर्वीच अंतर्गत परीक्षकांसोबत बसून ठरवून घ्या. मग प्रश्न कोणताही असला तरी आपण तेच मोजाल, आणि सरांनी सांगितलेल्या सरसकट उदारपणालाही त्यातून काही प्रमाणात आळा बसेल. पहिल्या बॅचमधील सुरुवातीच्या चार-पाच विद्यार्थ्यांचे गुण पेन्सिलीने लिहून ठेवावेत आणि बॅच संपल्यावर दोघांनी मिळून ते पुन्हा पाहावेत. विद्यार्थी गप्प राहिला, तर दुसरा प्रश्न विचारण्याऐवजी त्याला उपकरणाजवळ नेऊन "हे कसे जोडलेस ते दाखव" असे म्हणून पाहावे. तोंडाने न सुचलेले उत्तर पुष्कळदा हाताने करून दाखवता येते, आणि प्रात्यक्षिकाचे गुण मुळात त्यासाठीच आहेत.