'नेट लागणे' आणि 'ऑनलाइन करणे'

बर्डीकर
शाळेत असताना आम्ही 'नेटवर बसायचो', म्हणजे नागपुरात सीताबर्डीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून. आता हा प्रयोग ऐकू येत नाही. घरात नेट 'असतंच'. कुही तालुक्यातली मावशी मात्र परवा म्हणाली, "नेट लागून नाही राहिलं रे, फॉर्म ऑनलाइन कराचा होता." यातल्या 'लागणे'चा नेमका अर्थ काय?

भिवापूरचा
विहिरीला पाणी लागतं, तसंच. शोधावं लागतं, कधी मिळतं, कधी नाही. २०१६ला जिओ आल्यावर 'नेट सरलं' हेही सुरू झालं. तिथे नेट म्हणजे दिवसाचा डाटा.
'ऑनलाइन करणे' मात्र वेगळं. माझ्या वडिलांनी कितीतरी अर्ज 'ऑनलाइन केले', पण स्वतः एकदाही बटण दाबलं नाही. सेवा केंद्रात कागद द्यायचे, भरणारा दुसराच. २०२१ला ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी नोंद शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची पद्धत, आली आणि शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायची वेळ आली, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

शब्दवेडी
नेट 'वापरणं' कशाला म्हणायचं, हा फरक सर्वेक्षणांच्या आकड्यांतही शिरतो, असं मला मनापासून वाटतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 'कधीतरी इंटरनेट वापरलं' असं सांगणाऱ्या महिला देशात शहरी भागात ५१.८ टक्के, ग्रामीण भागात २४.६, पुरुष ७२.५ आणि ४८.७. दरी खरीच आहे, बायकांची तर फार मोठी. पण आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, "मी नेट नाही वापरत, व्हॉट्सॲपच पाहते." त्यांचं उत्तर कुठल्या रकान्यात जाईल?
आणि 'नेटाने', 'नेट लावणे' यांतला नेट वेगळा, जोर या अर्थाचा जुना मराठी शब्द. त्याची इथे गल्लत नको.

बर्डीकर
काकूंचं उदाहरण मोलाचं आहे. १५ ऑगस्ट १९९५ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे. त्या हिशेबाने तेव्हा नागपूरही 'नेट न लागणारं' गावच होतं. रामटेककडे काय म्हणतात?

भिवापूरचा
रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूला मी 'टावर नाही' ऐकलंय. टावर समोर उभा दिसतो, तरी म्हणतात, "आज टावर नाही जी." तिथे टावर म्हणजे सिग्नल.