शेवटच्या गाण्याची वाट कशाला?

शाळेच्या डान्समध्ये एखाद्या मुलीला नाचायला विचारायचं तर शेवटच्या स्लो गाण्यापर्यंत (जोडीने हळू नाचायच्या गाण्यापर्यंत) थांबावं, असा सल्ला दिला जातो; मला तो पटला नाही. अमेरिकन शाळांच्या डान्समध्ये डीजे वेगवान गाणीच जास्त लावतो, स्लो गाणी मोजकी. शेवटच्या गाण्याला बरीच मुलं पालकांच्या गाडीकडे निघालेली असतात, उरलेल्यांच्या जोड्या ठरलेल्या. म्हणून पहिलं किंवा दुसरंच स्लो गाणं गाठावं. गाणं जेमतेम तीन-चार मिनिटांचं. सुरू झाल्यावर हॉलभर शोधाशोध केली तर निम्मं त्यातच जातं. म्हणून आधीच्या गाण्यातच ती कुठे आहे ते हेरून ठेवावं. मैत्रिणींच्या कोंडाळ्यात शिरून विचारू नये, सगळ्यांच्या नजरा असताना तिला 'हो' म्हणणंही अवघड होतं. स्पीकरपासून लांब, समोरून जाऊन, "हे गाणं माझ्याबरोबर नाचशील?" एवढंच. "कधीतरी नाचूया का?" ला "बघू" हेच उत्तर येतं. स्टेप्सची धास्ती नको: तिचे हात खांद्यांवर, आपले कमरेच्या बाजूंना, दर दोन ठोक्यांना वजन एका पायावरून दुसऱ्यावर, हळूहळू गोल फिरत. पाय उचलू नका, सरकवा; उचलले की तिची बोटं तुडवलीच म्हणून समजा.

आणि "विचारलं तर नाही म्हणू नये, शिष्टाचार आहे" असंही मुलींना सांगितलं जातं, ते तर साफ नामंजूर. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत सहावीच्या व्हॅलेंटाइन डान्सला नेमकं हेच सांगितलं जायचं. २०१८ मध्ये एका आईने आक्षेप घेतला, बातम्या झाल्या आणि ती सूचना बदलावी लागली. नकार आला तर "ओके, मजा कर" म्हणून बाजूला व्हायचं. कारण विचारायचं नाही, आणि त्याच गाण्याला शेजारच्या मैत्रिणीला विचारणं तर अजिबात नको.