म्हाताऱ्या ताऱ्यांची धूळ बघायला कोणती दुर्बीण घेऊ? (सातारा)

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. भाची अकरावीला आहे. म्हातारे तारे स्वतःभोवती धुळीचं आवरण तयार करतात असं तिनं वाचलंय आणि ते बघायचंच म्हणते. मामानं शब्द देऊन ठेवलाय. बजेट 20 हजार. गेल्या वर्षी एका दुकानातून '675 पट' लिहिलेली दुर्बीण आणली होती. तिपाईला नुसता हात लागला तरी चंद्र थरथरतो. ती आता माळ्यावर. कोणती घ्यावी?

रात्रपाळी
मामा, 20 हजार सोडा, 20 लाखांतही ती धूळ डोळ्यांना दिसायची नाही. कण एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक. ताऱ्याचा उजेड पितात, तापतात आणि अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत परत सोडतात. तिथं आपले डोळे निकामी. सिंह राशीतला सीडब्ल्यू लिओनिस हा तारा 5 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त उजेडात सूर्यमालेबाहेरचा सगळ्यात तेजस्वी. आपल्या दुर्बिणीतून बघाल तर तिथं जवळपास काहीच नाही.

पण धूळ काय करते ते मात्र दिसतं. 10×50 (10 पट, 50 मिमीच्या भिंगांची) बायनॉक्युलर घ्या, निम्मे पैसे वाचतील. एप्रिल-मेमध्ये स्वातीच्या पूर्वेला फुटक्या बांगडीसारखा उत्तर मुकुट असतो. बांगडीच्या आत सहाव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) एक तारा आहे, आर कोरोनी बोरिअ‍ॅलिस. हा बाबा काजळी ओकतो. लोट आपल्या बाजूला आला की कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसा काही आठवड्यांत मंदावतो, कधी पार चौदाव्या प्रतीपर्यंत. 2007 ला असाच गेला, तो कित्येक वर्षं पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हा भाचीला सांगा, दिसला तर वहीत लिही, नाही दिसला तर मामाला उठव.

कृष्णाकाठ
मीरा ही तारका विसरलात की! 332 दिवसांत दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीवरून नवव्या-दहाव्यापर्यंत जाऊन परत येते. धुळीचा तमाशा बघायला तीच बरी.

मिरजेची_माई
कृष्णाकाठ, मीरेभोवती धूळ आहे, पण तिचं ते कमी-जास्त होणं मुख्यतः फुगण्या-आकसण्याचं. मात्र धूळ तयार होते ती त्या धापा टाकण्यातूनच. बाहेरचे थर वर फेकले जातात, थंड होतात, कण जमतात. उजेड कणांना ढकलतो आणि कण वायूला सोबत ओढून नेतात. ऑक्सिजन जास्त असेल तर धूळ सिलिकेटची, दगड-वाळूच्या जातीची. कार्बन जास्त असेल तर काजळी आणि सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे फॅब्रिकेशनवाल्यांच्या पॉलिश पेपरवर असतं तेच.

भाचीला काक्षीचीही गोष्ट सांगा. 2019-20 च्या हिवाळ्यात मृगातला हा तारा साध्या डोळ्यांना कळेल इतका उतरला, दीड प्रतीहूनही मंद. फुटतोय की काय म्हणून सगळे धावले. निघालं काय, तर ताऱ्याचा एक भाग थंडावलेला आणि त्यानंच सोडलेल्या धुळीचा ढग आडवा आलेला.

पठारावरचा
जागेचं बोलतो. यवतेश्वरला लवकर जाऊ नका, पूर्वेला खाली साताऱ्याचा झगझगाट असतो आणि मुकुट तिकडूनच उगवतो. अकरानंतर तो चांगला वर येतो. चाळकेवाडीला अंधार झकास, पण पवनचक्क्या तिथं उगाच नाहीत बसवलेल्या. बायनॉक्युलर स्थिर राहतच नाही. गाडीच्या टपावर कोपरं टेकवा. आणि जूनच्या आत उरका, मग ढगच ढग.

गोडोलीकर
शेजारच्या काकांकडून बायनॉक्युलर मागून आणली, शनिवारी रात्री यवतेश्वरला गेलो. बांगडी सापडायला अर्धा तास गेला. त्यात मी एकदा विमानाच्या मागं लागलो. शेवटी आत एक बारीकसा ठिपका सापडला. म्हणजे सध्या काजळी नाही. भाची हिरमुसलीच जरा. वहीत लिहिलंय, 'दिसतोय, अंदाजे 6'. हा अंदाज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून नीट कसा लिहायचा?

रात्रपाळी
त्याच्याहून किंचित उजळ एक आणि किंचित मंद एक असे दोन शेजारी धरा. त्या दोघांच्या मध्ये हा कुठं बसतो ते लिहायचं. तो त्या दोघांच्या मध्ये बसतोय तोवर तेच दोघं, तारीख-वेळेसकट. आणि काकांची बायनॉक्युलर परत करू नका एवढ्यात.